पार्सलबाबूंच्या डोक्यावरची पगडी

आधीच सांगून टाकते. मी तीन रात्री झोपलेली नाही, तेव्हा अक्षर वाकडं येईल आणि कुठे काही सुटूनही जाईल. माझ्या मुलीला, निमाला, गोवर निघाला आहे. सव्वा वर्षाची आहे. ताप चढला की ती माझं बोट मुठीत धरते आणि सोडत नाही. आपला डोळा लागला आणि तिची मूठ सुटली तर, असं मनात येतं, आणि मी जागीच राहते. डॉक्टर म्हणाले, पुरळ पूर्ण बाहेर आलं ते चांगलं झालं, आता छातीचं ध्यान ठेवा. मी ध्यान ठेवूनच बसले आहे. दुसरं काही करतच नाही.

वामनराव आपल्या नाट्यमंडळीचे सेक्रेटरी आहेत. त्यांनी महिन्यापूर्वी सांगितलं, दाजीसाहेबांना साठ वर्षं होताहेत, त्यांच्या गौरवाचा अंक काढतोय, तूही लिही. मी म्हटलं, मी चौथी शिकलेली, माझं कोण वाचणार? तर म्हणाले, "वकील, डॉक्टर, हेडमास्तर सगळे लिहून राहिले आहेत. त्यांनी दाजींना समोरून पाहिलं. तू विंगेतून पाहिलंस. तू लिही."

आज दुपारी वामनराव कागद न्यायला येणार आणि तसेच फ्रीगंजला छापखान्यात देणार. आमच्या घरात सध्या कोणी येत नाही आणि घरातून काही बाहेर जात नाही. दाराला कडुनिंबाचा डहाळा लावला आहे, सासूबाईंनी फोडणी बंद केली आहे. आज या घरातून बाहेर जाणारी वस्तू एकच, हा कागद. तोही मी दोन तास उन्हात ठेवणार आणि मगच देणार. म्हणून जे लिहायचं ते यातच सगळं लिहिते.

दाजीसाहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. माझे वडील पगडबंद होते, म्हणजे पगड्या बांधणारे. आजोबाही तेच करायचे. संस्थानचं राज्य होतं तेव्हा इथल्या उज्जैनच्या कचेरीतले मानकरी दरबाराला जायचे, त्यांच्या पगड्या बाबा बांधायचे. लांबच लांब पातळ कापड, त्याला पीळ द्यायचा आणि गुडघ्यावर वेढे घेत घेत पगडी उभी करायची. बाबा ओट्यावर बसून हेच करत होते आणि मी कापडाचं दुसरं टोक धरून उभी होते. तेव्हा एक उंच गृहस्थ आले. काळा कोट, हाताला शाईचे डाग.

"पगडबंद आपणच का? मी राजाचं काम करतो. मला पगडी हवी आहे."

बाबांनी वर पाहिलंच नाही. "कुठले राजे?"

"नाटकातले."

"आणि दिवसा काय करता?"

"रेल्वेत पार्सलबाबू आहे."

"मग टोपी घाला," बाबा म्हणाले.

मला हसू आलं आणि हातातलं टोक सुटलं. बाबा मला रागावले. ते गृहस्थ मात्र रागावले नाहीत. ओट्याच्या कडेला बसले आणि बाबांचे हात बघत राहिले. दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर परत आले. तिसऱ्या दिवशीही आले. काही मागायचे नाहीत, नुसते बसायचे. चौथ्या दिवशी बाबांनीच विचारलं, "तुम्हाला पुठ्ठ्याची चालत नाही का? सगळ्या नाटकांत पुठ्ठ्याचीच असते."

दाजीसाहेब म्हणाले, "पुठ्ठ्याची हलकी असते हो. डोक्यावर वजन नसलं की मी पार्सलबाबूसारखाच चालतो. लोकांना दिसतं ते."

त्यावर बाबा पहिल्यांदा हसले. आणि कबूल झाले. पण एक अट घातली. खेळ संपला की पगडी तिथल्या तिथे सोडायची. बांधलेली पगडी डोक्यावर ठेवून घरी जायचं नाही, ट्रंकेत ठेवायची नाही. पुढच्या खेळाला पुन्हा पहिल्यापासून बांधायची. नाटकातल्या राजानं राज्य तेवढ्यापुरतंच घ्यावं, असं बाबांचं म्हणणं.

"कबूल," दाजीसाहेब म्हणाले. "पण सोडायची तुम्हीच. माझ्या हातानं मला सोडवणार नाही."

तेव्हापासून आजपर्यंत एकदाही ही अट मोडलेली नाही. पडदा पडला की दाजीसाहेब आत येतात. कोणी हार घेऊन उभं असो, कोणी मोठा माणूस भेटायला आलेला असो, आधी कपड्यांच्या ट्रंकेवर बसतात, मान खाली करतात आणि म्हणतात, "घ्या, राज्य परत घ्या." पगडी सुटेपर्यंत आरशात बघत नाहीत. मी किती नट पाहिले, राजाचा अंगरखा अंगात असेपर्यंत चहाचा कपसुद्धा दुसऱ्यानं हातात द्यावा अशी त्यांची अपेक्षा असते. दाजीसाहेब पगडी उतरली की स्वतः कप विसळतात. दुसऱ्यांचेही विसळतात.

त्यांच्या कामाबद्दल मोठी माणसं लिहितीलच. मला समजलं तेवढं सांगते. राजासारखं चालायची सवय व्हावी म्हणून ते स्टेशनवर, पार्सलच्या खोलीत, ओला टॉवेल पिळून डोक्यावर गुंडाळायचे आणि टोपल्या-खोक्यांमधून चालायचे. हमालांना फार गंमत वाटायची. एक म्हातारा हमाल रोज मुजरा करून विचारायचा, "महाराज, ये आम की टोकरी किधर रखें?" दाजीसाहेब मान न हलवता सांगायचे, "रानी के महल में. तीन नंबर प्लेटफार्म." आणि रजिस्टरवर शिक्का मारायचे. गावात त्यांना पार्सल महाराज म्हणतात ते तेव्हापासून. चिडवायला म्हणायचे, आता कौतुकानं म्हणतात.

तालमीत मात्र ते स्वतःच्या कामाला कमी वेळ द्यायचे. सगळ्यात जास्त वेळ मुजरा करणाऱ्यांना. चोपदार, हुजरे, पहारेकरी, ज्यांना एक वाक्यही नाही त्यांना. एकदा कोणीतरी कंटाळून म्हणालं, "दाजी, आम्हाला कोण बघतंय? लोक तुम्हाला बघायला येतात."

"मी कसला राजा रे," दाजीसाहेब म्हणाले. "तुम्ही वाकता म्हणून लोकांना मी राजा दिसतो. तुम्ही ढिले वाकलात तर मी कितीही छाती काढली तरी काय उपयोग? चल, पुन्हा वाक."

आणि ओरडायला त्यांची सक्त मनाई. "ओरडायचं काम सेनापतीचं. राजानं हळू बोलायचं, म्हणजे लोक कान देतात." निमाला झोपवताना मी हेच करते. खरंच उपयोग होतो.

मग स्वातंत्र्य आलं. आमच्या गल्लीत पेढे वाटले, बाबांनीही वाटले. काही महिन्यांनी संस्थान गेलं आणि मध्य भारत हे नवं राज्य झालं. कचेरीतल्या नव्या साहेबांनी बाबांना बोलावून सांगितलं, आता पगड्यांचं काम उरलं नाही, फायली इकडून तिकडे न्यायचं आहे, कराल का? बाबा करू लागले, पांढरी टोपी घालून. पण घरी आले की ती टोपी खुंटीला लावत नसत. खिशातच ठेवत, जशी काही ती दुसऱ्या कोणाची आहे. गुडघ्यावर पंचा घेऊन त्यालाच पीळ देत बसत. आई म्हणायची, पंचा फाटेल.

एका संध्याकाळी दाजीसाहेब आले. दारातूनच म्हणाले, "पगडबंद, तुमचं राज्य गेलं असेल. आमचं चालू आहे. शनिवारी दरबार आहे, वेळेवर या."

बाबा उठून हात धुवायला गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले.

त्या शनिवारी जे झालं ते आपल्यातल्या खूप जणांनी पाहिलं आहे, पण आमच्या बाजूनं कोणी सांगितलं नसेल. नवं नाटक होतं. म्हातारा राजा आपणहून राज्य सोडतो, अशी गोष्ट. शेवटी तो सिंहासनासमोर येतो, पगडी काढतो आणि जमिनीवर ठेवून निघून जातो. बाबांनी तालीम पाहिलेली नव्हती. ते पगडी बांधून विंगेत माझ्याजवळ उभे होते. माझा भाऊ माधव, आमचा मधू, स्टेजवर भाला घेऊन पहारेकरी झाला होता.

पगडी जमिनीला लागू द्यायची नाही, हे आमच्या घरात बोलायला लागायच्या आधी शिकवतात. दाजीसाहेबांनी दोन्ही हातांनी पगडी उतरवली आणि ते खाली वाकले. तोच बाबा विंगेतून धावले. धोतर, सदरा, खिशातून बाहेर आलेली पांढरी टोपी, तसेच. स्टेजच्या मधोमध गुडघ्यावर बसून त्यांनी दोन्ही तळहात पुढे केले आणि पगडी जमिनीवर टेकायच्या आत हातांवर घेतली. मग त्यांना समोरची माणसं दिसली.

"अरे, ये कौन आ गया?" मागून कोणी ओरडलं. हशा झाला. बाबांना उठता येईना. मधूचा चेहरा लालबुंद झाला होता.

दाजीसाहेब तसेच वाकलेले राहिले. मग बाबांच्या खांद्यावर हात ठेवून राजाच्याच आवाजात, हळूच म्हणाले, "पगडबंद, तुम्ही होतात म्हणून ही खाली पडली नाही. उठा. आता ही तुमच्याकडे असू द्या." आणि उघड्या डोक्यानं निघून गेले.

हे नाटकात लिहिलेलं नव्हतं. समोर बसलेल्यांत कितीतरी घरं अशी होती, की ज्यांच्यातल्या कोणाचं तरी असंच काम गेलं होतं. कोणी टाळी वाजवली नाही. एकेक जण उठून उभा राहिला.

पुढच्या खेळापासून दाजीसाहेबांनी तो प्रवेश तसाच ठेवला, आणि नटांच्या यादीत शेवटी लिहवून घेतलं, पगडबंद, आणि पुढे बाबांचं नाव. बाबांनी तो कागद देव्हाऱ्याजवळ ठेवला होता. टोपी खुंटीला लागली ती त्याच आठवड्यात.

मधूला मात्र ते आवडलं नव्हतं. तो घरी म्हणाला, "सगळ्या गावासमोर गुडघ्यावर बसलात, बाबा. आता कोणासमोर बसायचे दिवस राहिले नाहीत."

बाबा म्हणाले, "मी माणसासमोर बसलो नाही रे. पगडीखाली हात धरला."

दोघांचंही मला पटत होतं. अजूनही पटतं.

आता मी जे सांगणार आहे ते मंडळीत कोणालाच माहीत नाही, एका दाजीसाहेबांशिवाय.

बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला तेव्हा पगडी बांधायचं काम मधूकडे आलं. त्याचे हात चांगले होते, पण मन टाइपिंगच्या क्लासात. त्यानंच मला शिकवलं, चोरून. बाईनं पगडी बांधायची नाही, असं बाबांचं पक्कं होतं. मी डावखुरी, त्यामुळे माझे वेढे डावीकडून यायचे. मधू म्हणायचा, "चालतंय, लोक मागून बघत नाहीत." हळूहळू मीच बांधू लागले. शेवटी तो एक हात फिरवायचा आणि आपण बांधली म्हणून घेऊन जायचा.

एकदा नव्या सरकारचे मोठे अधिकारी नाटकाला येणार होते. दुसऱ्या रांगेत माझ्या सासरची मंडळी बसणार होती. तेव्हा सासरची नव्हती, मला बघून गेली होती, होकार यायचा होता. मधू क्लासवरून आला नव्हता. मी कपड्यांच्या ट्रंकेमागे बसून एकटीनं पगडी बांधली. तेवढ्यात कोणी म्हणालं, आले, पाहुणे आले. मी घाईनं उठले, आणि शेवटचा वेढा आत खोचायचा राहिला. मधू आला, त्यानं तशीच उचलून दाजीसाहेबांच्या डोक्यावर ठेवली.

भर दरबारात तो वेढा सुटला. आधी दाजीसाहेबांच्या नाकावर आला. मग दुसरा सुटला, मग तिसरा. बघता बघता राजाच्या पायाशी कापडाचा ढीग झाला. पाहुणे हसून हसून वाकले. दाजीसाहेबांनी कापडाचं टोक उचललं, भाला धरून उभ्या असलेल्या मधूच्या हातात दिलं, "धर," एवढंच म्हणाले आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं. लोकांचं हसू थांबलं. पुढचा सगळा अंक ते बोडक्या डोक्यानं राजा राहिले. हे काम मी दुसऱ्या कोणाकडून होताना पाहिलेलं नाही.

आत आल्यावर वामनराव मधूवर तुटून पडले. "मुद्दाम केलंस ना? तुला ही राजेगिरी नको असते, सगळ्यांना माहीत आहे. पाहुण्यांसमोर दाजींची इज्जत घालवलीस."

मधूनं माझ्याकडे पाहिलं. मी ट्रंकेजवळ उभी होते. माझ्या होणाऱ्या सासूबाई दारात येऊन थांबल्या होत्या. मी खाली पाहिलं.

"हो," मधू म्हणाला. "माझ्याच हातून झालं."

बाबा भिंतीला धरून उभे होते. त्यांना नीट दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. म्हणाले, "पगडीची थट्टा करणारा माझा कोणी नाही."

त्याच आठवड्यात मधू ग्वाल्हेरला नोकरीवर गेला. पुढे कचेऱ्या भोपाळला गेल्या, तो भोपाळला गेला. बाबा गेले तेव्हा आला, दहा दिवस ओट्यावर बसला आणि निघाला. बाबांना खरं कधी कळलंच नाही. मी बोलेन बोलेन म्हणत राहिले आणि बाबा गेले. निघताना मधूला मी म्हटलं, येत जा. तो म्हणाला, "तुझ्यावर माझा राग नाही, शालू. पण मंडळीनं मला चोरासारखं काढलं. मंडळीनं बोलावलं तर येईन. तोवर उज्जैनला माझं काम नाही."

वामनराव, आता तुमच्या ध्यानात आलं असेल. त्या दिवशी चूक माझी होती. मुद्दाम कोणीच केली नव्हती. मधूनं माझं लग्न वाचवलं आणि मी त्याला बोलणी खाऊ दिली. तुम्ही वाईट माणूस नाही, तुम्हाला दाजींसाठी वाईट वाटलं होतं. पण तुम्ही चुकीच्या माणसाला बोललात, आणि मी समोर उभी राहून बोलू दिलं.

आता दाजीसाहेबांचं सांगते. माझं लग्न झाल्यावर सहा महिन्यांनी ते सासरी आले. सासूबाईंना म्हणाले, "वहिनी, शालूला खेळाच्या दिवशी पगडी बांधायला पाठवा."

सासूबाई म्हणाल्या, "बाईनं बांधलेली पगडी राजाच्या डोक्यावर? लोक काय म्हणतील, राजा बायकोचं ऐकतो?"

"सगळेच ऐकतात, वहिनी. नाटकात तेवढं दाखवत नाहीत."

सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मी मोकळी झाले. पहिल्या दिवशी मी सगळ्यांसमोर पगडी बांधायला बसले. कोणी जवळ नाही असं बघून दाजीसाहेब हळूच म्हणाले, "तुझा वेढा डावीकडून येतो. माधवचा उजवीकडून यायचा. त्या दिवशीचा डावीकडून होता."

माझे हात थांबले. मी म्हटलं, "मग तेव्हा का नाही बोललात?"

"माधव बोलला नाही. मी बोललो असतो तर त्यानं तुझ्यासाठी केलं ते फुकट गेलं असतं. आता तुझं घर झालं. आता ते तुझ्यापाशी आहे. तुला वाटेल तेव्हा सांग."

यानंतर त्यांनी एकदाही विषय काढला नाही. दुसऱ्या कोणी मला डोळ्यांनी तरी टोचलं असतं. हे पूर्वीसारखेच ट्रंकेवर बसतात, मान खाली करतात, राज्य परत घ्या म्हणतात. पण दर वेळी ते डोकं माझ्यासमोर वाकलं की मला वाटतं, हा माणूस माझ्यावर एवढा भरवसा ठेवतो, आणि मला एक वाक्य बोलवत नाही.

निमाला ताप आला त्या दिवसापासून दाजीसाहेब रोज सकाळी येतात. रिटायर झाले तरी स्टेशनवर त्यांना कोणी नाही म्हणत नाही. भुशात गुंडाळलेला बर्फ गोणपाटात बांधून आणतात आणि पायरीवर ठेवतात. मग खिडकीखाली उभे राहून दरबारी आवाजात विचारतात, "राजकन्येची तब्येत कशी आहे?" निमा डोळे उघडते. काल थोडी हसलीही. तीन दिवसांत तेवढंच हसली.

रविवारी त्यांचा गौरव आहे. त्याच प्रवेशात ते शेवटचं उभे राहणार, राज्य सोडणाऱ्या राजाच्या. पगडी मी बांधणार होते. पण गोवराच्या घरातला माझा हात, ते कापड, साठीचे दाजीसाहेब आणि समोर लोकांची लहान मुलं. मी बांधणार नाही, हे मी स्वतःच ठरवलं. वामनरावांनी इंदूरहून तयार पगडी मागवली. परवा सकाळी मी खिडकीतून विचारलं, "कशी आहे?"

"छान आहे," दाजीसाहेब म्हणाले. "डोक्यावर आहे हे कळतच नाही."

"मग?"

"मग बोडका बसेन. लोकांना माझे केस बघू देत."

"तुम्हाला केस कुठे आहेत?"

"मग टक्कल बघू देत. तेही साठ वर्षांचं आहे."

मला इतक्या दिवसांनी हसू आलं. मग ते म्हणाले, "माधवला बांधता येते." मी खिडकीतून मागे सरले. ते म्हणाले, "मी बोलावलं तर तो येईल. पण माझ्यासाठी येईल, आणि मान खाली घालून येईल. तसा नको." बर्फ पायरीवर ठेवला आणि गेले.

म्हणून मी हे सगळं लिहिलं. गौरवाच्या अंकात लोक चांगलं चांगलं लिहितात, मीही तेच लिहायला बसले होते. पण दाजीसाहेबांचं सगळ्यात मोठं चांगलेपण माझ्या चुकीशी बांधलेलं आहे. एक झाकून दुसरं मला दाखवता येईना. सासूबाईंना वाचता येत नाही, त्यांना मी आज स्वतःच्या तोंडानं सांगणार आहे. रागावतील. मग बहुतेक विचारतील, मधू जेवायला काय खातो. मला त्यांचा स्वभाव माहीत आहे.

दाजीसाहेब, तुमच्या पाया पडायला मला बाहेर येता येत नाही. इथूनच नमस्कार करते. तुमचे गुडघे चांगले राहोत, आवाज असाच हळू राहो, आणि तुम्हाला इतकं आयुष्य मिळो की निमा मोठी होऊन विंगेत कापडाचं टोक धरेल आणि हसू आलं तर तिचंही सुटेल. ती बरी होणार आहे. ताप आज सकाळी उतरलेला होता, दूध प्यायली. मला भीती वाटते, पण ती बरी होणार आहे.

आणि हा कागद ज्याच्या हातात पहिल्यांदा जाईल त्याला माझं एक सांगणं आहे. वामनराव असोत, छापखान्यातलं कोणी असो. आमचे हे रतलामला ड्युटीवर आहेत, शनिवारी येतील, तोवर उशीर होईल. मी घराबाहेर पडू शकत नाही. आणि मी बोलावून मधू येणारही नाही, त्याला मंडळीचं बोलावणं हवं आहे. छापखान्यात टेलिफोन आहे. मधूच्या कचेरीचा नंबर मागच्या बाजूला पेन्सिलनं लिहिला आहे, तेवढा छापू नका. भोपाळला ट्रंक कॉल लावा आणि मंडळीतून बोलतोय असं आधी सांगा. त्याला सांगा, शेवटचा वेढा शालूनं सैल ठेवला होता, हे तिनं सगळ्यांना लिहून कळवलं आहे. सांगा, रविवारी दरबार आहे, दाजीसाहेबांचं डोकं मोकळं आहे, आणि मंडळी वाट बघते आहे. कृपा करून माझ्या भावाला फोन करा.